महिनाभर एकच भूप: हे ऐकणं की घोकंपट्टी?

कोपरीकर
सध्या काय ऐकताय आणि का, हे विचारायला धागा काढतोय. सुरुवात माझ्यापासून. गेला महिनाभर मी किशोरीताईंचा (किशोरी आमोणकर) भूप राग ऐकतोय, ‘सहेला रे’ या बंदिशीवाला. दुसरं काहीही नाही. सकाळच्या ठाणे-नेरुळ गाडीत साधारण अर्धा तास मिळतो, तेवढ्यात तो एकदा पूर्ण होतो.

पहिला आठवडा बंदिशीतच गेला, कारण ती पाठ होती आणि मी मनात सोबत म्हणत होतो. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणणं आपोआप थांबलं. मग कान विलंबिताकडे, म्हणजे आधीच्या संथ भागाकडे गेला. पंचमावरून (प) गंधारावर (ग) मींडेनं, म्हणजे न तुटता घसरत येताना त्या किती वेळ घेतात, आणि गंधार लागल्यावर तिथं किती निवांत थांबतात! वीस वर्षं ही रेकॉर्ड घरात आहे, पण त्या थांबण्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. परवा रबाळ्याला गाडी सिग्नलला उभी राहिली, डबा शांत झाला, आणि नेमका तो गंधार आला. डोळे भरून आले.

रोज नवं ऐकणाऱ्याला गाणं माहीत होतं, कळत नाही, असं माझं ठाम मत झालंय. एक रेकॉर्ड धरा, महिनाभर सोडू नका.

तलावपाळी
कोपरीकर, तळमळ पोचली, पण अजिबात पटलं नाही.

एक तर भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, आणि तुम्ही तो सकाळी गाडीत ऐकता. तेच सा रे ग प ध घेऊन सकाळचा देसकार आहे की! भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देसकारात धैवत (ध), एवढ्यानं रागाचा चेहरा बदलतो. तुम्ही ज्या गंधारावर जीव टाकताय तो दिवेलागणीनंतरचा आहे.

दुसरा मुद्दा मोठा आहे. ती रेकॉर्ड म्हणजे एका दिवशीचा भूप, एलपी तबकडीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावायची त्यात बसवलेला. त्याच बाईंनी दुसऱ्या दिवशी तो वेगळा मांडला असता. तुम्ही राग ऐकत नाही आहात, रागाचा एक फोटो पाठ करताय.

मी गडकरी रंगायतनमध्ये राम मराठे संगीत महोत्सवाला जातो तो केवळ रामभाऊ आमच्या ठाण्याचे म्हणून नाही. समोर बसलं की गाणं घडताना दिसतं. मागे एका घरगुती मैफिलीत तरुण गायिकेची तान समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या अलीकडेच संपली. तबलजीनं मान वर केली. पुढच्याच आवर्तनात तिनं तीच तान पुन्हा घेतली आणि बरोबर समेवर आणून ठेवली. अख्खी खोली ‘वा!’ म्हणाली. हे इअरफोनमध्ये कुठून येणार? तिथं तर गाडीच्या खडखडाटात तानपुऱ्याचा खर्जसुद्धा बुडतो.

जुनी तबकडी
तलावपाळीकाका, प्रहराचं मान्य. फोटोचं नाही.

अकरा वर्षांच्या भीमसेननं घर सोडलं ते अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून. ७८ आरपीएमच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्या ‘फोटो’नं एका पोराला गुरू शोधायला गावोगाव फिरवलं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. त्या पिढीनं तीन मिनिटांत राग उभा करायची वेगळी विद्या कमावली होती. तिला मैफिलीची उरलीसुरली सावली समजू नका.

ऐरोलीची
मला दोघांचंही पटत नाही. मी रोज नवं ऐकते आणि त्याचा मला अभिमान आहे. आमच्या घरात भावगीतं आणि नाट्यपदं सोडून काही लागलंच नाही. आंबेडकरी चळवळीतले लोककवी वामनदादा कर्डक हे नाव मला तिशीत कळलं. तेही प्रल्हाद शिंदेंचं एक गाणं लावल्यावर ॲप पुढची गाणी लावत गेलं म्हणून. इतकी माणसं ज्यांची गाणी गाऊन उभी राहिली, ते मला माहीत नव्हते! एकच रेकॉर्ड महिनाभर धरायची ती कोणती, हे आपलं घरच ठरवून ठेवतं, कोपरीकर. त्या घराबाहेर पडायला मला नवंच लागलं.

घणसोलीकर
मी काय ऐकतो ते सांगतो, मग कोणाच्या बाजूचा ते तुम्हीच ठरवा.

आम्ही आगरी. लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणते, देवांना लग्नाचं बोलावणं त्यातूनच जातं. माझी आत्या धवलारीण होती. मी फोन घेऊन तिच्यापुढे बसलो, म्हटलं, म्हण. ती म्हणाली, “मांडव नाही, नवरी नाही, कुणासाठी म्हणू?” वर्षभर मागे लागलो, घरात एक ओळ म्हणाली नाही. तलावपाळीकाका, तुम्ही म्हणता तेच ती जगत होती.

शेवटी चुलतबहिणीच्या हळदीला तिच्या मागे बसून गुपचूप रेकॉर्ड केलं. डीजे यायच्या आधी. पुढच्या पावसाळ्यात आत्या गेली. आता रात्री मी तेच ऐकतो. सगळे शब्द मला अजून लागत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा ऐकतो आणि वहीत उतरवतो. एक ओळ लागायला कधी चार दिवस जातात.

तलावपाळी
घणसोलीकर, याला फोटो म्हणायची माझी हिंमत नाही. मात्र आत्यांचं म्हणणंही खरंच होतं, ते मी सोडणार नाही. तुमच्या घरात पुढचं लग्न असेल तेव्हा ती वही मांडवात कुणाच्या तरी हाती द्या. म्हणणारं कुणी आहे का?

घणसोलीकर
आत्याची सून आहे. लाजते, पण चाल तिला येते.

कोपरीकर
ऐरोलीची, घराबद्दलचं लागलं. आज परतीच्या गाडीत वामनदादा. तलावपाळी, उद्यापासून भूप रात्री जेवणाआधी, घरी, इअरफोनशिवाय. रेकॉर्ड मात्र तीच राहील, महिना अजून वाढवतोय.

घणसोलीकर, एक विनंती. ते रेकॉर्डिंग साफसूफ करायला कुणाला देऊ नका. किती मिनिटांचं आहे?

घणसोलीकर
सतरा. मध्ये कोणीतरी “हळद कमी पडतेय, आणा” म्हणून ओरडतं, आणि आत्या न थांबता पुढची ओळ घेते. ते तसंच ठेवलंय.