मदत हवी आहे: आबांना भूप आणि देशकार हे राग वेगळे कसे कळतात, हे शिकायला कुठे जाऊ?

नमस्कार मंडळी,

मी गंगाखेडजवळच्या एका गावातली. परभणीला भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी यंदा संपलं, आणि त्याच्याच आगेमागे गांधर्व महाविद्यालय मंडळाची संगीताची विशारद परीक्षा पूर्ण झाली. पुढे काय करायचं ते मनात पक्कं आहे, पण त्याला मराठीत नेमकं काय म्हणतात आणि ते कुठे शिकवतात, हे सांगणारं आसपास कुणी नाही. थोडं घरापासून सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल.

आमचे आबा (माझे आजोबा) पन्नासेक वर्षं सप्ताहात विणा धरतात. गेल्या सप्ताहात काकड्याला शेजारच्या गावचा एक पोरगा पेटीवर होता. गोड गळ्याचा. त्याने एक अभंग पाच स्वरांच्या चालीत धरला: सा रे ग प ध. प्रत्येक ओळ तो गंधारावर (ग) आणून ठेवत होता. दोन ओळी झाल्या आणि आबांनी हात वर केला. म्हणाले, "पोरा, ही सांजची चाल हाय. खाली कामून बसायलास? वर बस." मग स्वतः गुणगुणून दाखवलं. स्वर तेच पाच, पण आबा धैवतावर (ध) थांबले, तिथून पंचमावर (प) आले, परत धैवत. मंदिरातली सकाळ एकदम सकाळसारखी वाटायला लागली.

शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर पोरगा भूप गात होता आणि आबांनी त्याचा देशकार केला. भूपाचा वादी (सगळ्यात महत्त्वाचा स्वर) गंधार, संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत, थाट (राग ज्या स्वरसमूहातून आला तो) कल्याण, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकाराचा वादी धैवत, संवादी गंधार, थाट बिलावल, वेळ सकाळची. विशारदच्या शास्त्राच्या पेपरात मी हे लिहिलं आणि पूर्ण मार्क मिळवले. आबांनी आयुष्यात 'देशकार' हा शब्द ऐकलेला नाही. 'वादी' म्हणजे त्यांना कोर्टातला माणूस वाटेल. तरी दोन ओळींत त्यांना कळलं. कसं कळलं? मला हेच शिकायचं आहे.

आधी वाटलं, उत्तर भौतिकशास्त्रात असेल. तानपुऱ्याची जवारी (घोडीवर तार टेकून येणारा झणझणीत नाद), तारेखालचं सूत सरकवलं की तारेतून उलगडत जाणारे उपस्वर, त्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार, हे सगळं मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मोजलं. पेटीचा गंधार षड्जापासून (सा) ४०० सेंटवर (एका सप्तकाचे १२०० सेंट) आणि स्वयंभू गंधार साधारण ३८६ वर, म्हणजे पेटीचा १४ सेंटने चढा, हे आलेखावर पाहताना अंगावर काटा आला होता. पण माझा प्रश्न त्याने सुटत नाही. त्या सकाळी भूप त्याच पेटीवर वाजला आणि आबांनी देशकारही त्याच पेटीवर वाजवून घेतला. म्हणजे कंपनसंख्या त्याच. फरक ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे.

क्लासमध्ये विचारलं तर "हे परीक्षेत येत नाही" एवढंच उत्तर मिळालं. त्याचं वाईट वाटलं, कारण शास्त्राच्या तासाला विचारायचं नाही तर कुठे विचारायचं?

मग शोधता शोधता १९८४ सालचा एक शोधनिबंध सापडला. कॅस्टेलानो, जमशेद भरुचा आणि कॅरोल क्रुमहान्सल यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीतातले दहा राग घेऊन एक प्रयोग केला होता. पद्धत साधी आहे. आधी रागाचा तुकडा ऐकवायचा, मग एकच स्वर वाजवायचा आणि विचारायचं, हा स्वर या तुकड्यात किती बसतो? असं बाराही स्वरांचं करायचं. ऐकणारे काही भारतीय, काही पाश्चात्त्य. दोन्ही गटांच्या उत्तरांत षड्ज-पंचम वर आले आणि वादी स्वरालाही जास्त गुण मिळाले. तुकड्यात जो स्वर जास्त वेळ ऐकू आला, त्याला गुण जास्त. म्हणजे आपला राग कधी न ऐकलेल्या माणसाचा कानही कुठे किती वेळ थांबलं याचा हिशेब नकळत ठेवतो. मात्र रागामागचा थाट फक्त भारतीय श्रोत्यांच्या उत्तरांत उमटला, कारण तो आधीच्या ऐकण्यातून आलेला असतो. रात्री दीड वाजता शब्दकोश शेजारी ठेवून मी हे वाचलं आणि आबांचं "वर बस" आठवलं. ती गोष्ट आबा दोन शब्दांत सांगत होते.

मग मी स्वतः करून पाहिलं. आमच्या भजनी मंडळातल्या आठ बायकांना एकादशीला मंदिरात बसवलं, फोनवर तुकडे ऐकवले आणि एक ते सात गुण द्यायला सांगितलं. सगळ्यांनी सगळ्याला सात दिले. एका काकूंना म्हटलं, "काकू, हा कोमल रिषभ तर यात नाहीच, तरी सात?" त्या म्हणाल्या, "तू गायलीस म्हणल्यावर बसतंयच की माय." त्या प्रेमाने म्हणाल्या, पण माझी वही कोरीच राहिली.

आता अडचण. वडिलांचं म्हणणं बीएड कर. ते चुकीचं म्हणत नाहीत, घरची स्थिती मला दिसते. माझ्यासमोर दोन वाटा आहेत. एक, संभाजीनगरला किंवा नांदेडला संगीतात एमए. गाणं सुटणार नाही, घर जवळ. पण तिथे मन आणि कान यांचा अभ्यास कितपत करता येईल? दुसरी, संज्ञानशास्त्रात (मन आणि मेंदू कसे काम करतात याचं शास्त्र) एमएस्सी. हैदराबाद विद्यापीठात त्याचं केंद्र आहे, आणि हैदराबादच्याच ट्रिपलआयटी या संस्थेत संगीत मेंदूत कसं उतरतं यावर काम चालतं. आम्हाला हैदराबाद पुण्यापेक्षा परकं नाही, नांदेडहून रात्री गाडीत बसलं की झालं. पण तिथे संख्याशास्त्र लागतं, प्रोग्रॅमिंग लागतं, सगळं इंग्रजीत. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. आणि दोन वर्षं रियाज सुटला तर? ज्याचा अभ्यास करायचा तेच हातून जाईल, ही भीती खरी आहे.

शिवाय या विषयाची जी पाठ्यपुस्तकं हाती लागली, ती सगळी पाश्चात्त्य स्वरसंवादावर, म्हणजे कॉर्डवर उभी. अपेक्षा कशी तयार होते आणि कशी पुरी होते, हे त्यात कॉर्डच्या क्रमाने समजावलेलं असतं. आपल्याकडे ती अपेक्षा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवायच्या बोलाचा, तिसरा पल्ला सुरू झाला की अख्ख्या मांडवाच्या माना आधीच हलायला लागतात. पखवाजवाल्याने तिथे एक मात्रा उशीर केला तर टाळकऱ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते मोजायची माझी फार इच्छा आहे. आधी पाश्चात्त्य शास्त्र पुरतं शिकून मग इकडे वळावं, की थेट इथूनच सुरुवात करता येते?

आणखी एक. दौलताबादला शाळेची सहल गेली होती. तोफ पाहिली, किल्ल्यातल्या काळोख्या भुयारात किंचाळलो. पण याच देवगिरीत, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला, हे तिथे कुणी सांगितलं नाही. त्याच्या पहिल्याच अध्यायात स्वरांच्या आधी मानवी शरीर येतं. बोलायची इच्छा झाली की आत्मा मनाला चेतवतो, मन देहातल्या अग्नीला, अग्नी वायूला, आणि तो वायू वर चढत नाद होतो. मंद्र (खालचं सप्तक) हृदयात, मध्य कंठात, तार (वरचं) मस्तकात. आज शरीरशास्त्र म्हणून ते तसंच्या तसं धरता येणार नाही. पण संगीताची सुरुवात मनापासून करायची, हे त्याने आमच्याच मातीत बसून आठशे वर्षांपूर्वी ठरवलं होतं. म्हणून हा विषय परदेशी आहे असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

यातल्या कुठल्याही वाटेने गेलेलं कुणी असेल तर कृपया लिहा. प्रवेश परीक्षेची तयारी, शिष्यवृत्ती, मुलींचं वसतिगृह, काहीही चालेल.

भर, आठवड्यानंतर

सगळ्यांचे मनापासून आभार. एमए करता करता संख्याशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा कर आणि मग हैदराबादचा विचार कर, हा सल्ला घरीही पटला आहे. गुण मागू नका, दोन तुकडे ऐकवून "यातला सकाळचा कोणता?" एवढंच विचारा, हे ज्यांनी सुचवलं त्यांना नमस्कार. आवाजाची पातळी आणि लय दोन्हीकडे सारखी ठेवली, कुठला तुकडा आधी लावायचा ते चिठ्ठी टाकून ठरवलं, पेटी काढून नुसता तानपुरा ठेवला.

आबांनी १२ पैकी १२ जोड्या ओळखल्या. एका मावशींनी १०. नुसतं नाणं उडवून १० किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४०९६ मध्ये ७९, म्हणजे जेमतेम २ टक्के, एवढं मला मांडता आलं. पण मंडळात सगळ्या बायका ज्यांच्या आवाजामागे चालतात, त्या काकूंचे बरोबर आले फक्त ६. मला खरं वाटेना. शेवटी फोन बंद करून म्हटलं, "काकू, काकड्याचा अभंग म्हणा." डोळे मिटून त्यांनी सुरू केला आणि पहिल्याच ओळीला धैवतावर जाऊन थांबल्या. मग सांजेचा म्हणायला लावला, तर गंधारावर.

म्हणजे त्यांना येतं, पण निवडायला सांगितलं की सापडत नाही आणि गायला सांगितलं की सापडतं. म्हणून आता नवा प्रश्न. गाऊन दिलेलं उत्तर मोजायचं कसं? प्राट या सॉफ्टवेअरमधून आवाजाचा आलेख काढतेय, पण मागे टाळ असले की रेघ तुटते, आणि टाळ काढून घेतले तर काकू गात नाहीत. कुणी असं रेकॉर्डिंग केलं असेल तर माईक कुठे लावला, ते सांगाल का?