मदत हवी आहे: डेप्थ कॅमेरा चालू केला की जीपीएस जातो

अमेरिकेतल्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या लष्करी तंत्रज्ञान स्पर्धेत आमची पदवीची मुलं उतरली आहेत. ४५० मिमी क्वाडकॉप्टर (चार पंख्यांचा ड्रोन), आर्डूपायलट (उड्डाण सांभाळणारं सॉफ्टवेअर), जेटसन ओरिन नॅनो (ड्रोनवरचा छोटा संगणक) आणि यूएसबी ३ वरचा डेप्थ कॅमेरा (अंतर मोजणारा कॅमेरा).

कॅमेरा बंद असताना मोकळ्या मैदानात १७ उपग्रह दिसतात, एचडीओपी (जीपीएसच्या अचूकतेचा आकडा, कमी तेवढा चांगला) ०.८. स्ट्रीम सुरू केली की दहा-पंधरा सेकंदांत ६ उपग्रह उरतात आणि एचडीओपी ३ च्या वर जातो. एचडीओपीने १.४ ओलांडला की ड्रोन आर्मच होत नाही, म्हणजे मोटारी सुरू करू देत नाही. मोटारी बंद ठेवूनही हेच होतं, म्हणजे ईएससीचा (मोटारींचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) दोष नाही. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट जीपीएसच्या १५७५ मेगाहर्ट्झवर सांडतोय, हे नक्की. केबल यूएसबी २ पोर्टला लावली की जीपीएस लगेच सावरतो, पण मग फ्रेमरेट इतका पडतो की अडथळे टाळणं जमत नाही.

केबलला फेराइट (गोंगाट शोषणारं कडं) लावून फरक शून्य. जीपीएसचा खांब ८ वरून १५ सेंमी केला, ३ उपग्रह वाढले. केबलला तांब्याची पट्टी गुंडाळली, पण कनेक्टर उघडाच आहे. तिथूनच गळती असावी.

अटी: वजनात फक्त ४० ग्रॅमची सवलत. अमेरिकी संरक्षण कायद्याच्या कलम ८४८ मुळे कॅमेरा, रेडिओ, फ्लाइट कंट्रोलर चिनी चालणार नाही. दोन मुलं एफ-१ (परदेशी विद्यार्थ्यांच्या) व्हिसावर आहेत, त्यामुळे निर्यात-नियंत्रित भाग सुचवू नका.

कनेक्टरचं शील्ड जेटसनच्या ग्राउंडला जोडावं की कार्बन फ्रेमला, आणि जीपीएसखाली तांब्याची ग्राउंड प्लेट किती मोठी हवी?