ट्रक शिकायचा तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरावेत की किन्नर, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालचा क्लीनर म्हणून चढावं? आणि पैसे भरायचे कोणी?

सिन्नरकर

माझ्या तीन गाड्या आहेत. दोन दहा टायरी, एक आयशर. सिन्नर एमआयडीसीतला माल भिवंडी-चाकणला नेतो, हंगामात वाशीला कांदा. भाच्याला गेल्या महिन्यात वीस पूर्ण झाली आणि त्याला ड्रायव्हरच व्हायचंय. घरात कोणी नाही म्हणत नाही. वाद आहे तो शिकायचं कसं यावर.

कायद्याची वाट मोकळी आहे. हेवीला, म्हणजे ट्रकच्या लायसनला, वय वीस लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन हातात येऊन एक वर्ष झालेलं लागतं. दोन्ही झालंय. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली. सरकारी फी म्हणाल तर लर्निंगचे १५०, पक्क्याच्या चाचणीचे ३०० आणि असलेल्या लायसनवर हेवी चढवायचे ५००. वरचं किरकोळ धरूनही हजाराच्या आसपास सगळं बसतं. खरा खर्च शिकण्याचा. तालुक्याच्या स्कूलने मला १२ हजार सांगितले. ट्रॅक आणि सिम्युलेटर (पडद्यावर गाडी चालवायचा सराव देणारं यंत्र) असलेल्या मोठ्या केंद्राचे २२ हजार, आणि सहा आठवडे राहणं-जेवण धरून ३२ च्या घरात जातं.

बहीण म्हणते, "घरच्या गाड्या असताना पैसे कशाला घालायचे? तुझ्या गाडीवर किन्नर म्हणून पाठव, दोन वर्षांत हात बसेल." आमच्याकडे सगळे असेच शिकले. पण मी हिशोब मांडून पाहिला. किन्नरला मी महिन्याला आठ हजार आणि खाणं देतो, नव्या ड्रायव्हरला अठरा आणि वर भत्ता. महिन्याला दहा हजारांचा फरक, दोन वर्षांत दोन लाख चाळीस हजार. फुकट म्हणतो ते शिक्षण पोराला अडीच लाखाला पडतं, फक्त पावती मिळत नाही म्हणून कोणाला दिसत नाही.

माझं मत असं की पोराने चांगल्या केंद्रात शिकावं आणि खर्च मालकाने करावा. भाचा आहे म्हणून नव्हे, पुढच्या पोरालाही मी हेच देईन. बदल्यात दोन वर्षं माझ्याकडेच गाडी चालवायची, असं लिहून घेईन. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगावं.

जुना स्टेअरिंग

मला पटत नाही. एकतीस वर्षं गाडी चालवली, त्याआधी साडेतीन वर्षं किन्नर होतो.

तुम्ही पगाराचा फरक मोजलात, पण किन्नरला त्या दोन वर्षांत काय मिळतं ते नाही मोजलं. पावसात ताडपत्री कशी ओढायची, की पाणी मध्ये साचून गोण्या भिजणार नाहीत. लोखंडाच्या मालाला रस्सा कुठून ओढून बांधायचा. टायरवर हातोडी मारली की आवाजावरून हवा कळते. वाशी मार्केटात दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असताना मागे कशी घ्यायची. वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या पैशांवरून, वाद झाला तर कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं. रात्री कोणत्या पंपावर गाडी लावली तर सकाळी टाकीत डिझेल शिल्लक असतं. हे कोणत्या ट्रॅकवर शिकवतात?

माझे उस्ताद, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी किन्नर होतो ते ड्रायव्हर, कसारा घाटात मला डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, आत्ता कितव्या गिअरवर आहे सांग. वर्षभर चुकत होतो. नंतर इंजिनाच्या आवाजावरून सांगायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा स्टेअरिंग हातात दिलं, तेही रिकाम्या गाडीचं, रिकाम्या माळावर. सहा आठवडे शिकलेल्या पोराला भरल्या गाडीवर मी नाही बसवणार. भाचा असला तरी नाही.

मोटार मास्तर

मी हेवीचा प्रशिक्षक आहे, त्यामुळे आमच्या धंद्यातली उणी बाजूही मीच सांगतो.

ट्रकला दोन वाटा आहेत. एक नेहमीचं स्कूल. तिथे नियमाने किमान तीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे पंधरा तास द्यावे लागतात, मग फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला मिळतो आणि आरटीओत चाचणी. दुसरी वाट म्हणजे मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्र, ज्याचे नियम जुलै २०२१ पासून लागू झाले. जड वाहनासाठी तिथे दोन एकर जागा, ट्रॅक आणि सिम्युलेटर लागतो. अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांत. केंद्राची परीक्षा उतरलात की आरटीओची चालवण्याची चाचणी माफ. पुण्याजवळ कासारवाडीच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्था त्याच्याही आधीपासून हे काम करताहेत.

आता दुखरी गोष्ट. पंधरा तास कागदावर असतात. मी पूर्वी एका ठिकाणी नोकरीला होतो, तिथे एका गाडीत पाच पोरं चढायची आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं यायची. गाडीही सहा टायरी, जुनी, कायम रिकामी. त्यावर शिकलेला पोरगा २८ टनाच्या भरल्या दहा टायरीवर बसतो तेव्हा ब्रेक दाबल्यावर गाडी किती पुढे जाते, हे त्याला पहिल्यांदा कळतं. मी ती नोकरी सोडली. तेव्हा सिन्नरकर, बारा हजार वाचले की बुडाले हे फीवर ठरत नाही. पोराच्या हातात स्टेअरिंग किती तास होतं, यावर ठरतं.

पण जुन्या दादांना एक विचारतो. आवाजावरून गिअर ओळखायला शिकवणारा उस्ताद किती जणांना मिळतो? माझ्याकडे किन्नर राहून आलेली पोरं येतात. अर्ध्याहून जास्त जणांना उस्तादाने एकच विद्या दिलेली असते, उतार लागला की न्यूट्रल कर, डिझेल वाचतं. मग इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात. एअर ब्रेक सारखे-सारखे मारले की टाकीतली हवाही उतरते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे पंचेचाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या. ज्या गिअरवर चढण चढतो त्याच्या जवळच्याच गिअरवर उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर गाडी आवरणारा) लावायचा, ही गोष्ट एका दुपारी शिकवता येते. ती न शिकलेले लोक पुढच्यांचे उस्ताद होतात, हे मला रात्री झोपू देत नाही.

जुना स्टेअरिंग

न्यूट्रलबद्दल मास्तर बरोबर बोलले. माझ्या उस्तादाने त्याबद्दल थोबाडीत मारली असती. पण वाईट उस्ताद आहेत म्हणून उस्तादच नको? वाईट शाळा तर तुम्हीच सांगितल्यात.

विमावाला

मी मोटार अपघात दाव्यांचं काम करतो, म्हणून एवढंच. "किन्नर रात्री थोडी गाडी ओढतो" हे प्रत्येक मालकाला माहीत असतं. त्या किन्नरकडे हेवीचं निदान लर्निंग असेल, गाडीला एल बोर्ड असेल आणि शेजारी पक्क्या लायसनचा माणूस गाडी थांबवता येईल असा बसलेला असेल, तरच ते शिकणं. ड्रायव्हर मागे फळीवर झोपला आणि पोरगा चालवतोय, हे विनापरवाना चालवणं झालं. माणूस गेला तर कोर्ट बहुधा कंपनीला सांगतं, आधी वारसांना पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. अशी वसुली लाखांत येते. दोन घरांच्या जमिनी त्यात गेलेल्या मी पाहिल्यात. सिन्नरकरांनी पगारातला फरक मांडला, त्याच्या शेजारी ही जोखीमही मांडावी.

चाकणचा नवखा

मी गेल्या वर्षी केंद्रात शिकलो, घरच्या पैशाने. आईने सोनं ठेवलं होतं. शिकवणं चांगलं होतं, हे आधी सांगतो. सिम्युलेटरवर पावसातला रस्ता आणि टायर फुटणं दाखवतात. धुराच्या नव्या नियमाच्या बीएस-६ गाड्यांचं युरियाचं पाणी काय, ते न भरता दामटलं तर काय होतं, हेही शिकलो. माझ्या गावातल्या जुन्या ड्रायव्हरना ते नीट माहीत नाही.

पण मामांचा हिशोब तुटतो तो पुढे. लायसन हातात आल्यावर मी नऊ ट्रान्सपोर्टवाल्यांकडे गेलो. सगळीकडे एकच प्रश्न, अनुभव किती? तिघांनी सांगितलं, सहा महिने किन्नर राहा मग बघू. म्हणजे तीस हजारही गेले आणि किन्नरही व्हायचंच. ते अठरा हजार पहिल्या दिवसापासून मिळतील हे तुमच्या घरच्या गाडीवर खरं आहे. माझ्यासारख्याला नाही.

मी शेवटी टेम्पो धरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन चालतं, वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, या वजनात बसणारी टाटा ४०७, हे सगळं हेवीच्या आधीच करता आलं असतं. मला कोणी सांगितलं असतं तर मी वर्षभर पिकअप चालवून स्वतः कमवलं असतं आणि त्यातून फी भरली असती. सोनं ठेवायची वेळ आली नसती. आता चौदा महिने झाले टेम्पोवर. पुढच्या महिन्यात एक मालक दहा टायरी देतोय.

लेक ड्रायव्हरची

सगळं वाचलं. माझे वडील चौदाव्या वर्षी किन्नर म्हणून चढले. जुन्या दादा, तुम्ही किन्नरपणातलं शिकणं सांगितलंत ते खरं आहे, वडीलही तसंच प्रेमाने सांगतात. पण गाडीखाली झोपणं, उस्तादाचे कपडे धुणं आणि पहिली दोन वर्षं हातात काहीच पैसे न मिळणं हेही तेच सांगतात, फक्त हळू आवाजात. ती विद्या किंमत देऊन घेतलेली आहे. तिला फुकटची म्हणू नका.

माझा खरा आक्षेप मात्र मामांच्या दोन वर्षांच्या लेखी करारावर आहे. आज तुम्ही चांगले आहात. उद्या दुसरा मालक हाच कागद दाखवून पोराला सलग तीस तास गाडीवर ठेवेल आणि म्हणेल, सोडायचं तर बत्तीस हजार टाक. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास ठरवले होते. माझ्या वडिलांनी आठ तासांत गाडी लावलेली मी लहानपणी एकदाही पाहिली नाही. "नाही, मला झोप येतेय" असं म्हणता येणं हे घाट उतरण्याइतकंच महत्त्वाचं शिक्षण आहे, आणि डोक्यावर कर्जाचा कागद असलेल्या पोराला ते म्हणता येत नाही.

सिन्नरकर

लेकीने लिहिलेलं लागलं मनाला. पण माझी बाजूही ऐका. मागे एका पोराची फी मी भरली होती, कागद न करता. लायसन आलं आणि चौथ्या महिन्यात शेजारच्या मालकाने दोन हजार जास्त देऊन नेला. तो मालक एक पैसा न घालता तयार ड्रायव्हर घेऊन गेला. असंच होणार असेल तर कोणता मालक फी भरेल? कोणीच नाही भरणार, आणि सगळी पोरं पुन्हा किन्नर म्हणून फळीवर.

लेक ड्रायव्हरची

मग तुम्हीही दोन हजार वाढवून द्यायचे होते, मामा. पोरगा पैशासाठी गेला, तुमच्यावर राग धरून नाही.

जुना स्टेअरिंग

ते एवढं सोपं नाही ताई. तीन गाड्यांच्या मालकाला हप्ता, डिझेल, टोल आणि टायर काढून हातात काय उरतं ते मी जवळून पाहिलंय. मोठ्या ताफ्याशी पगारात बरोबरी नाही करता येत त्याला.

मोटार मास्तर

आमच्याकडे एका मालकाने वेगळं केलं होतं. फी त्याने भरली, कागद घेतला नाही. फीचा तिसरा हिस्सा दर सहा महिन्यांनी माफ. पोरगा मधेच गेला तर उरलेली रक्कम नवा मालक देणार, पोरगा नाही. हे तोंडी ठरवून चाललं, कारण त्या नाक्यावरचे सगळे मालक एकमेकांना ओळखत होते. सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही.

सिन्नरकर

हे मी आमच्या ट्रक मालकांच्या बैठकीत मांडून बघतो. मालकाने मालकाला द्यायचे, हे मला सुचलंच नव्हतं. पोराकडून कागद घ्यायचं मी सोडतो.

बाकी माझं मत तेच आहे, आधी केंद्र. नवख्याचं ऐकून एवढं बदललं की भाच्याला आजपासूनच आयशर... नाही, तिचं एकूण वजन साडेसातच्या वर आहे, आत्ताच आरसी काढून पाहिलं. तर पाहुण्यांची पिकअप आहे, ती सहा महिने देतो. वाशीला ओळख होईल. हेवीचं लर्निंग त्या मुदतीच्या शेवटी काढू, कारण ते सहाच महिने चालतं.

जुना स्टेअरिंग

पिकअपचं बरं केलंत. केंद्रातून आल्यावर मात्र त्याला माझ्याबरोबर दहा फेऱ्या बसवा, तुमच्याच गाडीवर. ड्रायव्हरच्या पगारावर बसवा, किन्नरच्या नव्हे, एवढं मी लेकीचं ऐकलं. दहा फेऱ्या होईपर्यंत कसारा मी उतरवणार, तो नाही. सहा आठवड्यांत ड्रायव्हर होतो हे मी आजही मान्य करत नाही.

चाकणचा नवखा

मामा, केंद्र ठरवायला जाल तेव्हा सकाळी सातला जा, न सांगता. गाडीत किती पोरं चढतात ते बाहेरून मोजा आणि स्टेअरिंगवरचा पोरगा किती वेळाने बदलतो ते घड्याळात बघा. मी फी भरल्यावर हे पाहिलं, माझं नशीब की तिथे तिघंच होते. आणि भाच्याला टँकरची इच्छा असेल तर त्याला आत्तापासून थोडं इंग्रजी वाचायला लावा. धोकादायक मालाचं वेगळं तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं, आणि त्या नियमात एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजीही लिहिता-वाचता यावी असं आहे. माझं तिथेच अडलंय, संध्याकाळी शेजारच्या ताईंकडे शिकायला जातो.