मदत हवी आहे: केईएफ की हार्बेथ? रविवारपर्यंत ठरवायचंय

निषाद_पुणे
नमस्कार मंडळी, स्टिरिओसाठी चांगले बुकशेल्फ स्पीकर घ्यायचेत. केईएफ एलएस५० मेटा आणि हार्बेथ पी३ईएसआर यात अडकलोय, यूट्यूबवर रिव्ह्यू बघून बघून डोकं बधिर झालंय. दुकानदाराची ऑफर रविवारपर्यंतच आहे. ज्यांनी वापरलेत त्यांनीच सांगा प्लीज, आणि "एवढे पैसे कशाला घालवता" हे घरात रोज ऐकतोय, इथे नको.

कडकलक्ष्मी
खोली केवढी? अँप (अँप्लिफायर) कुठला? ऐकता काय? हे न सांगता आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

बाबूराव_सांगलीकर
टॉवर घ्या हो सरळ, जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर. छोट्या डब्यातून डग्गा कधी वाजलाय का? माझ्याकडे १५ वर्षं टॉवर आहेत, शेजारी तक्रार करतात म्हणजे बघा.

कडकलक्ष्मी
काका, टॉवर त्यांनी विचारलेच नाहीयेत.

निषाद_पुणे
खोली नॉर्मल आहे, बेडरूम. अँप चांगला आहे. शास्त्रीय, नाट्यसंगीत, रात्री थोडं जॅझ. आता सांगा कुठला?

तंबोरा
नॉर्मल म्हणजे किती फूट ते सांगा ना राव.

निषाद_पुणे
१० बाय १०.

तंबोरा
मग हीच खरी बातमी आहे. १० फुटाच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आवाज फुगतो, आणि तुमची खोली चौकोनी म्हणजे लांबीचा आणि रुंदीचा फुगवटा एकाच जागी एकावर एक बसणार. डबल बेसची ए तार ५५ हर्ट्झची, जॅझमध्ये ती छेडली की खोली घुमणार आणि शेजारचा सूर लागला की एकदम गप्प. स्पीकर कुठलाही आणा, हे राहणारच, फक्त कमीजास्त. केईएफला पोर्ट, म्हणजे बेससाठी हवा बाहेर सोडणारं भोक, मागच्या बाजूला आहे, भिंतीला चिकटवला तर आणखी फुगेल. हार्बेथचा डबा बंद आहे, खालचा आवाज हळूहळू उतरतो, त्यामुळे अशा खोलीत तो जरा निमूट वागतो. ठेवणार कुठे आहात?

निषाद_पुणे
वॉलयुनिटमध्ये, टीव्हीच्या दोन बाजूंना कप्पे आहेत तिथे. बुकशेल्फ म्हणतात ना? स्टँड आईला चालणार नाहीत, केर काढताना लागतात म्हणे.

तंबोरा
अरे देवा.

हॅरोकर
मी लंडनहून, पी३ वापरतोय, म्हणून लिहितो. याचा पूर्वज एलएस३/५ए, सत्तरच्या दशकात बीबीसीने ओबी व्हॅनसाठी, म्हणजे बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीसाठी केलेला, म्हणजे जागा टीचभर आणि ऐकणारा समोरच बसलेला. छोट्या खोलीत तो म्हणूनच सुखी असतो. माणसाचा आवाज हीच त्याची खासियत, जुनी मोनो रेकॉर्डिंग लावलीत तर गवई दोन स्पीकरच्या बरोब्बर मधोमध बसतो. पण वॉलयुनिटच्या बंदिस्त कप्प्यात नको. निदान कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला येऊ दे.

सोनेरी_कान
केबलबद्दल कोणीच बोलत नाहीये याचं आश्चर्य वाटतं. आधी चांगली चांदीची केबल घ्या, स्पीकर नंतर बघू.

कडकलक्ष्मी
आली चांदी! पाच-सहा फुटाला जाड तांब्याची वायर बास, तपकीर गल्लीत मीटरवर मिळते. उरलेल्या पैशात आईंना व्हॅक्युम क्लीनर घ्या, म्हणजे स्टँडचा प्रश्नच मिटला.

सोनेरी_कान
ज्यांना फरक ऐकू येत नाही त्यांनी बोलू नये.

कडकलक्ष्मी
डोळे बांधून ओळखून दाखवा, मी चहा पाजते.

इंजि_नाशिक
भांडण पुरे. निषाद, तो "चांगला" अँप म्हणजे नक्की कुठला?

निषाद_पुणे
एव्ही रिसीव्हर, म्हणजे होम थिएटरवाला अँप, ७.२ चॅनलचा. ते महत्त्वाचं आहे का?

इंजि_नाशिक
आहे. केईएफचा विद्युत विरोध कागदावर ८ ओहम, पण मध्ये साडेतीनपर्यंत खाली येतो, म्हणजे अँपवर ताण, कंपनी स्वतः ४० ते १०० वॅट सांगते. स्वस्त रिसीव्हर मोठ्या आवाजात तिथे धापा टाकतो. पण घाबरू नका, खोली छोटी आहे. हार्बेथ एका वॅटला, एक मीटरवर ८३ डेसिबलच्या आसपास वाजतो, म्हणजे मंदच, तरी सहा फुटांवर बसून २० वॅटमध्ये ९० च्या वर जाल. कान दुखतील.

बाबूराव_सांगलीकर
म्हणून म्हणतो टॉवर. ९० डेसिबलचे टॉवर, रिसीव्हर झोपेत चालवेल.

मुंबैकरीण
अवांतर: माझ्या वडिलांच्या जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम हात लावला की भुसा होतोय, दादरला समुद्राजवळ राहतो. लॅमिंग्टन रोडला बदलून देतात का?

इंजि_नाशिक
देतात, पण माप घेऊन जा आणि फोम नको, रबर मागा. दमट हवेत फोम टिकत नाही.

निषाद_पुणे
अहो माझा धागा आहे हा! शनिवारी ऐकायला जातोय. काय काय बघू?

तंबोरा
दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, फोनवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप असतं. जो थोडा मोठा वाजतो तोच भारी वाटतो, आणि दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं. आपल्या सीडी न्या, त्यांची डेमोची गाणी नकोत. एखादा विलंबित ख्याल निवांत ऐका, तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या कळतात का बघा. आणि ऑफरचं म्हणाल तर ती दिवाळीला परत येते, घरी चार दिवस लावून बघायला देतात का तेवढं विचारा.

निषाद_पुणे
विचारतो. तंबोराभाऊ, पोर्टमध्ये मोजा कोंबला तर केईएफ वॉलयुनिटमध्ये चालेल का?

तंबोरा
चालेल, फुगवटा कमी होईल. पण मग खालचा आवाजही कमी होणार, आणि पोर्टचे पैसे तर तुम्ही दिलेत.

बाबूराव_सांगलीकर
स्वच्छ मोजा घ्या म्हणजे झालं.