मदत हवी आहे : गाडीतला मधला आरसा काचेवरून निखळलाय

नमस्कार मंडळी,
उन्हात उभ्या गाडीतला आरसा काचेवरच्या धातूच्या बटणासकट खाली आलाय. बटण आरशाच्या दांड्यात बारीक ॲलन स्क्रूने आवळलेलं आहे, ते सोडवून घेतलं. काचेवर जुन्या गोंदाचा पिवळट थर उरलाय. तो ब्लेडने खरवडून स्पिरिटने पुसणार आहे. घरातला झटपट गोंद नकोच वाटतो, तो कडक होतो आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी सुटतो. आरशासाठीचा ॲक्टिव्हेटरवाला (म्हणजे गोंद लवकर पक्का करणारं द्रावण सोबत येणारा) गोंद कोणी वापरलाय का? चिकटवल्यावर आरसा चढवायला किती वेळ थांबू? स्क्रू जास्त आवळला तर काचेला तडा जाईल, याची मोठी धास्ती आहे. रोजचा रस्ता घाटातला, त्यामुळे मागचं दिसल्याशिवाय गाडी बाहेर काढणार नाही. अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.