फायबरच्या होडीचा रंग महिनाभरात सोलतो, काय चुकतंय?

वरळीचा_पोरगा: आमची २० फुटी फायबर होडी, वरळी कोळीवाडा. मागच्या पावसाळी मासेमारी बंदीत भावाने आणि मी ती घासून निळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. नारळी पुनवेला झकास दिसत होती. गणपती उठेपर्यंत पाण्याखालचा रंग पापडासारखा सुटला, तळाला कालवं बसली. बाबांनी कर्ज काढून घेतलेली होडी आहे, असे हाल बघवत नाहीत. यंदा काय करू?

वसईची_वल्ही: ऑइलपेंट पाण्याच्या रेषेच्या वर ठीक. सतत पाण्यात राहिला की मऊ पडून सुटणारच.

जुना_रंगारी: बाळा, घासण्याआधी होडी गोड्या पाण्याने धुतली होतीस का? गोदीत २६ वर्षं रंगकाम केलं, सगळ्यात जास्त रंग मिठाने घालवलेला पाहिलाय. रंगाखाली राहिलेलं मीठ पाणी ओढून घेतं आणि फोड येतात. न धुता पॉलिश पेपर मारलास तर मीठ आणि डिझेलचा ओशटपणा आणखी आत रगडला जातो.

म्हणून आधी कालवं खरवड, साबणाने धू, मग दोनतीनदा नुसत्या गोड्या पाण्याने. नळाला पाणी कमी असेल तर पिंपं भरून ठेव, पण यात काटकसर नको. पाणी शिंपडून बघ. थेंब गोळा झाले तर तेलकटपणा आहे, पुन्हा धू. फायबरवरचे फोड फोडले आणि आंबूस वासाचं पाणी आलं तर तो भाग उघडा ठेवून पूर्ण सुकव, मगच इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भर.

आता ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ऑइलपेंट पूर्ण काढ, १२० ने सारखं कर, वर इपॉक्सी प्रायमर.

वरळीचा_पोरगा: काका, पावसात हे कसं जमवायचं?

जुना_रंगारी: बंदी १ जूनला, पाऊस साधारण ११ जूनला. ते दहा दिवस तुझे. प्रायमरपर्यंतचं काम त्यात संपव, वर ताडपत्री घाल, बाजू उघड्या ठेव. अँटीफाउलिंग (तळाला कालवं बसू न देणारा रंग) मात्र जुलैअखेर, उघडीप बघून. हा तांबं मिसळलेला रंग पाण्यात उतरायच्या जरा आधीच लावायचा, किती दिवसांत उतरवायची ते डब्यावर असतं. त्याआधी प्रायमर पेपरने हलका खरवडून धुवून घे, दीड महिन्याच्या प्रायमरवर नवा रंग तसाच धरत नाही. पुढच्या वर्षी हा तांब्याचा रंग कोरडा घासू नकोस, ती धूळ विषारी असते. पेपर ओला ठेव, तोंडाला मास्क लाव. भावालाही सांग.