नवीन घेतलेल्या मोटरहोममधल्या हाउस बॅटऱ्या: सुरुवात कुठून करायची?

रानवाटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वापरलेली मोटरहोम नुकतीच घेतली आहे. घरातल्या वापरासाठी 6 व्होल्टच्या दोन पाण्याच्या (लेड-अॅसिड) बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून 12 व्होल्ट केले आहेत. प्रत्येकीवर 225 अँपिअर-अवर लिहिलंय. म्हणजे एकूण 450 धरायचे का? गाडी उभी असताना बाहेरच्या विजेवर कायम लावलेली असते आणि भिंतीवरच्या पॅनेलचे चारही दिवे लागतात. पण वीज काढून रात्री थोडे दिवे आणि पाण्याचा पंप वापरला, की सकाळी मल्टिमीटरवर 12.1 दिसतात. झाकणं उघडून पाहिली तर काही सेलमध्ये पाणी प्लेटांच्याही खाली गेलंय. आधीच्या मालकाकडून बॅटऱ्यांची कसलीच नोंद मिळालेली नाही. काय आधी करावं, काय नंतर? की सरळ लिथियम टाकून मोकळं व्हावं?

सहा_सेल

450 नाही, 225च. सिरीजमध्ये व्होल्ट वाढतात, अँपिअर-अवर तेवढेच राहतात. त्यातलेही निम्मे, म्हणजे साधारण 110 वापरायचे, पुन्हा पुन्हा त्याखाली उतरवलं की आयुष्य झपाट्याने कमी होतं. शिवाय 225 हा आकडा 20 तासांत हळूहळू उतरवल्यावरचा आहे. इन्व्हर्टरवर मोठा लोड लावलात तर तेवढेही मिळणार नाहीत.

लिथियमचा विचार तूर्त बाजूला ठेवा. प्लेटा उघड्या पडल्यात, ते आधी बघा. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, गॅसची सगळी उपकरणं बंद करा आणि बॅटरीचा कप्पा उघडा ठेवा, कारण चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. उघड्या सेलमध्ये फक्त प्लेटा जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. काठोकाठ भरू नका. उतरलेल्या बॅटरीत द्रवाची पातळी मुळातच खाली असते, चार्ज होताना ती वर येते आणि जास्तीचं अॅसिड झाकणातून बाहेर येऊन ट्रे खातं. झाकणं बसवा, पूर्ण चार्ज करा आणि मगच शेवटचं पाणी टाका. झाकणाच्या भोकातून आत बघितलं की खाली उतरलेली प्लास्टिकची नळी दिसते. तिच्या खालच्या कडेपासून सुमारे 3 मिलिमीटर खाली पातळी हवी. नळाचं किंवा बाटलीतलं पिण्याचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. आणि अॅसिड तर कधीच घालायचं नाही: उडतं ते पाणी, अॅसिड आतच राहतं.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर लिटरभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून ब्रशने घासा. फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुवा. झाकणं घट्ट हवीत, सोड्याचा थेंबही सेलमध्ये जाता कामा नये. केबल काढण्याआधी जोडणीचा फोटो घ्या. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या. पान्याने पॉझिटिव्ह आणि बॉडी एकत्र जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना जागेवर वेल्ड होतो.

एवढं झाल्यावर हायड्रोमीटर आणा, म्हणजे अॅसिडची घनता मोजणारी काचेची नळी. पॅनेलच्या दिव्यांवर जाऊ नका, विजेवर असताना ते चार्जरचे व्होल्ट दाखवतात, बॅटरीचे नाही. पूर्ण चार्ज करून, चार्जर आणि लोड काढून निदान सहा तास बॅटऱ्या तशाच राहू द्या. मग प्रत्येक सेलमध्ये नळी घालून अॅसिड दोनदा ओढून परत सोडा आणि तिसऱ्यांदा ओढल्यावर वाचा. आतला तरंगता भाग काचेला चिकटलेला नसावा आणि डोळा द्रवाच्या पातळीला असावा. पूर्ण चार्ज असेल तर 1.265 ते 1.280 येतं. तापमान 27 अंशांच्या वर असेल तर दर 10 अंशांमागे 0.007 मिळवा, खाली असेल तर तेवढं वजा करा. पाणी घातल्या घातल्या मोजू नका. पाणी वरच तरंगत असतं, चार्जिंगने मिसळेपर्यंत आकडा फसवा येतो. सहाही सेलचे आकडे इथे टाका.

तारजोड

वरचं सगळं बरोबर. पण पाणी का उडालं हे शोधलं नाही तर नव्या बॅटऱ्यांचीही हीच गत होईल.

बऱ्याच जुन्या गाड्यांमधला कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवरून बॅटरी चार्ज करणारा डबा) एकाच व्होल्टेजचा असतो, साधारण 13.6. वापरात असलेल्या बॅटरीला हे कमी पडतं, कारण पाण्याच्या बॅटरीला पूर्ण भरायला 14.4 ते 14.8 लागतात (नेमका आकडा बॅटरी बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकातला धरा). बॅटरी कायम थोडी उपाशी राहते आणि प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं. तीच गाडी महिनोन्महिने विजेवर उभी राहिली की हेच 13.6 जास्त होतात, तिथे 13.2 च्या आसपास पुरेसे असतात. मग पाणी सावकाश उडत राहतं. तुमच्याकडे दोन्ही लक्षणं दिसताहेत आणि दोन्ही एकाच डब्यामुळे असू शकतात.

खात्री अशी करा. पाणी घालून झाल्यावर दिवे लावून बॅटरी 12.2 च्या आसपास उतरवा. मग वीज लावा आणि मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरून दर तासाला आकडा लिहा. चांगला तीन टप्प्यांचा चार्जर हळूहळू 14.4 च्या वर जातो, तिथे काही तास राहतो आणि मग 13.2 ते 13.5 वर येतो. आकडा 13.6 ला जाऊन तिथेच अडकला तर चार्जर बदलायचा. 225 अँपिअर-अवरच्या या जोडीला 25 ते 45 अँपिअरचा पुरतो. घेताना तापमानाची तार असलेला घ्या आणि ती बॅटरीलाच चिकटवा: 25 अंशांच्या वर दर अंशामागे 0.03 व्होल्ट कमी लागतात, खाली तेवढेच जास्त. म्हणजे 14.8 चे 35 अंशांना 14.5 होतात आणि 5 अंशांना 15.4.

त्याच वेळी कन्व्हर्टरच्या आउटपुटवरही मोजा. चार्जिंग जोरात चालू असताना तिथल्या आणि बॅटरीवरच्या आकड्यात 0.3 व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर केबल बारीक आहे, नाहीतर कुठलातरी लग (केबलच्या टोकाची कडी) सैल किंवा गंजलेला आहे. हाताने चाचपून बघा, जो जोड गरम लागेल तो दोषी.

वीज लावूनही बॅटरीवर 12.5 च राहत असतील तर दाराजवळचा डिस्कनेक्ट स्विच बघा. काही गाड्यांत तो बंद असला की चार्जिंगही तुटतं.

मुक्कामपोस्ट

रात्रीत 12.1 होण्याबद्दल थोडं. सगळं बंद केलं तरी गॅस डिटेक्टर, फ्रिजचं कंट्रोल बोर्ड, स्टिरिओची मेमरी चालूच असतात. फ्रिज गॅसवर असला तरी त्याचं बोर्ड 12 व्होल्टवर चालतं. मोजायचं असेल तर सगळं बंद करून निगेटिव्ह केबल काढा आणि मल्टिमीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर लावून टर्मिनल आणि केबलच्या मध्ये जोडा. तेव्हा पंप किंवा इन्व्हर्टर चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर केबल काढायचीही गरज नाही. 0.5 अँपिअर आले तर दिवसाला 12 अँपिअर-अवर, म्हणजे वापरण्याजोगे 110 नऊ दिवसांत संपले. 12.1 म्हणजे बॅटरी साधारण निम्म्यावर, आणि एका रात्रीत एवढ्याने ती निम्म्यावर येत नाही. त्यामुळे तुमच्याकडे एकतर बॅटऱ्या पूर्ण भरतच नाहीत किंवा एखादा सेल गेलाय. हायड्रोमीटर ते सांगेलच.

गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा मोजा, 12.5 च्या खाली गेली की पुन्हा चार्ज. गाडीत कोणी झोपणार असेल तेव्हा मात्र गॅस डिटेक्टर कधीही बंद नको. कडाक्याच्या थंडीत उतरलेली बॅटरी शून्याच्या काही अंश खालीच गोठून फुटते. भरलेलीला तो धोका नाही.

लिथियम उत्तम आहे, पण नुसती बॅटरी बदलून भागत नाही. चार्जर लिथियमसाठीच्या व्होल्टेजचा लागतो, शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते आणि अल्टरनेटरला (इंजिनावर चालणाऱ्या जनरेटरला) थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की कमी आरपीएमवर अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणी घातलं, चार्ज केलं. व्होल्ट 13.6 वरच अडकतात, त्यामुळे साधा तीन टप्प्यांचा चार्जर बाहेरून लावून 14.7 पर्यंत नेलं. रात्रभर तसंच ठेवून घेतलेली रीडिंग अशी: पहिली बॅटरी 1.265, 1.270, 1.265. दुसरी 1.260, 1.205, 1.265.

सहा_सेल

पहिली ठणठणीत आहे. दुसरीचा मधला सेल 0.060 ने मागे आहे. याच सेलमध्ये पाणी सगळ्यात कमी होतं का, तेही आठवून बघा. तसं असेल तर प्लेटांचा वरचा भाग कोरडा पडून कायमचा गेलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

टाकून देण्याआधी एकदा इक्वलायझेशन करा, म्हणजे सगळे सेल सारखे करण्यासाठी मुद्दाम जास्त व्होल्टवर चार्जिंग. हे फक्त पाण्याच्या बॅटरीला. सीलबंद एजीएम किंवा जेलला केलं तर ती बाद होते. आधी पूर्ण चार्ज, पाण्याची पातळी बरोबर, झाकणं घट्ट, कप्पा उघडा. गाडीकडे जाणारी पॉझिटिव्ह केबल काढून ठेवा, कारण चार्जर 15.5 ते 16 व्होल्टवर न्यायचाय आणि तेवढ्याने एलईडी दिवे आणि फ्रिजचं बोर्ड जळू शकतं. सेल खदखदतील, ते अपेक्षितच आहे, तेच हवंय: बुडबुड्यांनी तळाशी साचलेलं दाट अॅसिड ढवळलं जातं. दर तासाला त्या मधल्या सेलचं रीडिंग घ्या. वाढतंय तोवर चालू ठेवा, लागोपाठच्या रीडिंगमध्ये वाढ थांबली की बंद. बॅटरी 50 अंशांच्या जवळ तापली तर मध्येच थांबून गार होऊ द्या. शेवटी पातळी पुन्हा बघा, पाणी नक्की कमी झालेलं असेल.

तारजोड

एक भर. चार्जर 16 पर्यंत जातोय का हे आधी त्याच्या माहितीपत्रकात बघा, सगळ्यांत ही सोय नसते. आणि काम चालू असताना तिथे कोणी थांबायला हवं, लावून निघून जाऊ नका.

इक्वलायझेशननंतरही तो सेल 0.030 पेक्षा जास्त मागे राहिला तर दोन्ही बॅटऱ्या एकदम बदला. नवीच्या जोडीला जुनी ठेवली तर सिरीजमध्ये दोघींतून करंट तेवढाच जातो. जुनी आधी उतरते आणि आधी भरून उकळत राहते, आणि चार्जर दोघींचे मिळून व्होल्ट बघत असल्याने नवी अर्धवटच भरते. नव्या लावायच्या आधी तो 13.6 वाला कन्व्हर्टर बदला. पॉझिटिव्हवर, बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ, केबलच्या जाडीला साजेसा फ्यूज आहे ना, हेही त्याच वेळी बघून घ्या. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो नसतोच.